छाट

साडेतीनला राजव्वा बूथवरून परत आली
आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसली.
वर पत्रा उन्हानं टकटक वाजत होता.
महबूबबीनं पंखा तिच्याकडे वळवला.
आम्ही दोघी सकाळीच बोटं रंगवून आलेलो.

'नाव न्हाई म्हनला,' राजव्वा म्हणाली,
'लाल रेघ मारलीय. पुढं लिवलंय, स्थलांतरित.'

एक्केचाळीस वर्षं ह्याच दोन खोल्या.
ह्याच दारात मांडीवर सूप घेऊन
तिघींनी रोज हजार विड्या वळल्या,
पोरांच्या फीचा महिना असला की तिनं बाराशे.
तिचा आजा करीमनगरकडून मागावर कामाला आला,
तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही.
ती जागची हलली नाही, आणि आता लिहिलं.

मी कुणाला दिलं ते महबूबबीला ठाऊक आहे,
तिनं कुणाला, ते मला.
सकाळी त्यावरून एवढं पेटलं की चहा निवून गेला.
'तेरेकु कुछ समजता नै गे शेवंते!'
मी पण तिचं मागच्या वेळचं काढलं, त्याच्या मागच्या वेळचं काढलं,
नळाचं पाणी, पेन्शनचे हजार रुपये, पोराची नोकरी,
सगळं एका दमात.
राजव्वा मध्ये बसून शेंगा निवडत होती.
तिला दोघींचं पटत नव्हतं.
'माझं मी बघते,' म्हणाली होती, आणि इस्त्रीची साडी नेसून गेली होती.

आता ती भांडणात नव्हती,
तर आम्हालाही भांडता येईना.

महबूबबी म्हणाली, अंगठा लावून बघायचा होतास.
तशी राजव्वा हसली. रेशन दुकानात
तिचा अंगठा कुठं उठतो?
तेंदूच्या पानानं रेघा कधीच खाल्ल्या.
माझ्या बोटावर तंबाखूचा डाग इतका जुना
की शाई लावणारी बाई विचारत होती,
आजी, लागली का हो?

मी उठून भाकरी काढली, कालची, कडक झालेली.
उखळातली चटणी वाटीत घेतली, वर तेल.
पुण्याला लेकीकडे गेले की विहीणबाई विचारतात,
तुम्ही त्या साउथच्या बाजूच्या ना, चटणी आणलीत?
राजव्वा हैदराबादला गेली की भाऊबंद म्हणतात,
मराठीवाले आले, ह्यांना तिखट कमी वाढा.
कमी! सोलापूरच्या माणसाला!
महबूबबी त्यावर दरवेळी हसते. आज नाही हसली.

'बूथवरचं पोरगं चांगलं होतं,' राजव्वा म्हणाली,
'खुर्ची दिलं, पानी दिलं.
म्हनला, मावशी, एका मतानं काय होतंय.'
भाकरीचा तुकडा तिनं मोडला, खाल्ला नाही.
'पगडे चेकर आठवतो का?
कट्ट्यात पंचवीसला एक कमी भरली
की तोंडावर फेकायचा.
एक सैल निघाली की मूठभर छाट,
आनि छाटचा पैसा न्हाई, विडी पन परत न्हाई.
तवा एकानं होत होतं.
चाळीस वर्सं होत होतं की.'

कुणी काही बोललं नाही.
खाली रिक्षावाला शेवटच्या मतदारांना हाका मारत होता,
माझ्या पक्षाचा की हिच्या, ते भोंग्यावरून कळेना.

मग महबूबबीनं नातवाला हाक मारली, फॉर्म सहा काढ म्हणाली.
तो मोबाइल घेऊन बसला.
आडनाव कसं लिहू, येमूल की एमुल?
रेशन कार्डावर यमूल आहे, विडी कार्डावर इमूल,
नवऱ्याच्या मिलच्या पासवर आणखी तिसरंच.
'सगळी लिव,' राजव्वा म्हणाली, 'एक तर लागंल.'
पोरगं म्हणालं, एकच बसतं.

'आणि इथं कधीपासून राहता?'

ती मोजायला लागली. बोटांवर, तेलुगूत,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत मोजतात तशी.
आम्ही थांबलो. मध्येच ती उठली,
आतून चिंचेचं पच्ची पुलुसु घेऊन आली, कांदा भरपूर,
आणि आधी महबूबबीच्या, मग माझ्या वाटीत ओतलं.
'कुठपतूर आलते मी?' तिनं विचारलं.
कुणाच्याच लक्षात नव्हतं.